संरक्षण क्षेत्रातील कामे कशी मिळवावीत : कोल्हापूरच्या अभियांत्रिकी कारखानदारांसाठी मार्गदर्शन

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखानदार सध्या एकच प्रश्न विचारतात. ट्रॅक्टर, मोटारी आणि पंप यांच्या कास्टिंगवर उभा असलेला आपला कारखाना संरक्षण क्षेत्राला माल कसा पुरवू शकेल? प्रश्न रास्त आहे. देशातील संरक्षण उत्पादनाचे मूल्य २०२४-२५ या वर्षात १,५०,५९० कोटी रुपयांवर गेले, निर्यात २३,६२२ कोटींची झाली, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी ठेवलेल्या रकमेपैकी ७५ टक्के रक्कम देशी खरेदीसाठी राखून ठेवण्यात आली. मात्र एवढ्या मोठ्या आकड्यांकडे पाहून थेट निविदा भरायला सुरुवात करणारे नवखे उद्योजक वर्ष-दोन वर्षांत निराश होतात. याचे कारण असे की, या क्षेत्रात विक्रीचे निम्म्याहून अधिक काम तपासणी विभागात घडते. मालाचा प्रत्येक नग कोणत्या हीटमधून (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूतून) आला, कोणी मोजला आणि कोणत्या उपकरणाने मोजला, हे पाच वर्षांनंतरही सांगू शकणारा कारखाना येथे टिकतो. पुढील सर्व टप्पे याच दृष्टीने वाचावेत.

पहिला टप्पा : गिऱ्हाईक नेमके कोण, हे ठरवणे

संरक्षण मंत्रालय हे एकच गिऱ्हाईक आहे असे समजून चालत नाही. तोफा, विमाने, जहाजे यांसारखी भांडवली खरेदी ‘डिफेन्स अ‍ॅक्विझिशन प्रोसिजर २०२०’ या नियमावलीनुसार होते. सुटे भाग, दुरुस्ती आणि देखभाल यांची महसुली खरेदी ‘डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअल’नुसार होते, ज्याची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. लहान किंवा मध्यम कारखान्याचा थेट संबंध बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या खरेदीशी येतो. भांडवली खरेदीत त्याचे स्थान मोठ्या कंपनीचा पुरवठादार म्हणून असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

प्रत्यक्ष खरेदीदारांचे तीन गट डोळ्यांसमोर ठेवावेत. पहिला गट संरक्षण क्षेत्रातील १६ सार्वजनिक कंपन्यांचा आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, बीईएमएल, माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्ड ही त्यांतील परिचित नावे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन ज्या सात कंपन्या निर्माण झाल्या त्याही यातच येतात. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचे नागपुरात आहे, तर कारखाने खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चांदा आणि अंबाझरी असे राज्यभर पसरलेले आहेत. दुसरा गट डीआरडीओच्या प्रयोगशाळांचा. पाषाणची एआरडीई (शस्त्रास्त्रे), दिघीची आर अँड डीई (अभियांत्रिकी उपकरणे) आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई (वाहने) या कोल्हापूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या आहेत. तिसरा गट भारत फोर्ज, लार्सन अँड टुब्रो, टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स अशा खासगी कंपन्यांचा. १५५ मिलिमीटरच्या एटॅग्स तोफेचे उदाहरण घेतले तर हे तिन्ही गट एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते कळते : तोफेची रचना एआरडीईच्या पुढाकाराने झाली, आणि मार्च २०२५ मध्ये ती पुरवण्याचा करार भारत फोर्ज व टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी झाला. या तोफेचा एखादा ब्रॅकेट किंवा हाउसिंग बनवणाऱ्याला मंत्रालयाची पायरी चढावी लागत नाही. त्याचे गिऱ्हाईक पुण्यातच असते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षे एक खासगी मोठी कंपनी आणि एक सार्वजनिक कंपनी, एवढ्यांवरच लक्ष एकवटावे. आपल्या तिन्ही वसाहती पुणे-बेंगळुरू महामार्गाला जवळ आहेत, दक्षिणेकडे हत्तरगी येथे विमानांच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे आणि वास्कोचे गोवा शिपयार्डही आवाक्यात आहे. त्यामुळे पहिले गिऱ्हाईक शोधण्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही.

दुसरा टप्पा : आपली क्षमता दोन पानांत लिहून काढणे

‘आम्ही सर्व प्रकारची कास्टिंग आणि मशिनिंग करतो’ या वाक्याचा खरेदी अधिकाऱ्याला काहीही उपयोग नसतो. त्याला हवे असतात आकडे. भट्टीची क्षमता किती, एका नगाचे किमान आणि कमाल वजन किती, कोणत्या ग्रेडचे लोखंड नियमित ओतले जाते, व्हीएमसी आणि एचएमसी (उभी व आडवी संगणकनियंत्रित मशिनिंग यंत्रे) यांच्या टेबलांचे माप काय, किती मायक्रॉनपर्यंतची अचूकता रोजच्या उत्पादनात टिकते, स्पेक्ट्रोमीटर (धातूतील घटक तपासणारे यंत्र), सीएमएम (अचूक मापे घेणारे यंत्र) आणि ताणचाचणीचे यंत्र स्वतःचे आहे की बाहेरून तपासून घेतले जाते, हे सर्व त्या दोन पानांत यावे. जे नाही ते नाही असेच लिहावे, कारण क्षमता पडताळणीसाठी पथक कारखान्यात येते तेव्हा कागदावरील प्रत्येक यंत्र ते प्रत्यक्ष पाहते.

कोल्हापूरची ताकद ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या दोन प्रकारच्या ओतीव लोखंडांत आहे, तर संरक्षण क्षेत्रातील बराच माल मिश्रधातूचे पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, कांसे आणि टायटॅनियम यांचा असतो. ही तफावत मान्य करूनच वस्तू निवडावी. लष्करी वाहनांची हब आणि गिअरबॉक्सची हाउसिंग, पंपांचे केसिंग, जनरेटर संचांचे भाग, जमिनीवरील साहाय्यक उपकरणांचे सांगाडे, जिग आणि फिक्स्चर ही आपल्या हाताला बसणारी कामे आहेत. उखळी तोफेच्या बॉम्बचे कवच एसजी आयर्नमध्ये ओतले जाते, हेही येथील फाउंड्रीवाल्यांनी लक्षात ठेवावे. जहाजांवरील झडपांसाठी गनमेटल आणि निकेल-अ‍ॅल्युमिनियम-ब्राँझ लागते. त्यात उतरायचे तर वेगळी भट्टी आणि वेगळी शिस्त लागते. एका वेळी एकच वस्तुगट निवडावा आणि त्यातील पाच-सात नगांवर प्रभुत्व मिळवावे. शिवाजी उद्यमनगरातील लहान मशीनशॉपवाल्यांना तर मी असे सुचवेन की त्यांनी कास्टिंगच्या भानगडीत न पडता केवळ अचूक मशिनिंगचे नाव कमवावे.

तिसरा टप्पा : नोंदण्या आणि परवाने

हा टप्पा कंटाळवाणा असला तरी सोपा आहे. उद्यम नोंदणी, जीएसटी, जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरील विक्रेता नोंदणी आणि निविदा भरण्यासाठी तिसऱ्या वर्गाचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र ही सुरुवातीची कागदपत्रे होत. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी वाढली आहे, त्यामुळे पूर्वी मध्यम गणले गेलेले काही कारखाने आता लघु गटात आले असतील. त्यांनी आपले वर्गीकरण तपासून घ्यावे. सूक्ष्म व लघु उत्पादकांकडून वार्षिक खरेदीच्या २५ टक्के माल घेण्याचे बंधन केंद्र सरकारच्या खात्यांवर आणि सार्वजनिक कंपन्यांवर आहे. अनामत रकमेतून सूट मिळते, आणि आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक असल्यास त्या कमी दराला माल देऊन ऑर्डरचा काही वाटा मिळवता येतो. या सवलती व्यापाऱ्यांना नाहीत.

प्रत्येक सार्वजनिक कंपनीची पुरवठादार नोंदणी स्वतंत्र असते. आयएसओ ९००१ प्रमाणपत्राशिवाय बहुतेक ठिकाणी अर्ज पुढे सरकत नाही. विमानांच्या भागांसाठी एएस ९१०० हे गुणवत्ता प्रमाणपत्र लागते, परंतु गिऱ्हाईक निश्चित होण्यापूर्वी त्यावर खर्च करू नये असे माझे मत आहे.

परवान्याबाबत उद्योजकांत विनाकारण भीती आहे. संरक्षण उत्पादनासाठी औद्योगिक परवाना लागतो खरा, पण २०१४ मध्ये केंद्राने परवाना लागणाऱ्या वस्तूंची यादी जाहीर केली आणि यादीत नसलेले सुटे भाग, कास्टिंग व फोर्जिंग यांना तो लागत नाही हे स्पष्ट झाले. शस्त्र किंवा दारूगोळा यांच्याशी थेट संबंध असलेल्या भागांबाबत, अगदी वर उल्लेखिलेल्या रिकाम्या कवचाबाबतसुद्धा, दर देण्याआधी खरेदीदाराकडून परवान्याची आवश्यकता लेखी विचारून घ्यावी.

चौथा टप्पा : वस्तू शोधणे

ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेले ‘सृजन’ संकेतस्थळ हे नवख्या कारखान्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन आहे. सार्वजनिक कंपन्या आणि सैन्यदले आजवर आयात करत असलेल्या हजारो वस्तू तेथे मांडलेल्या आहेत आणि भारतीय उत्पादकांनी त्या बनवून दाखवाव्यात अशी अपेक्षा आहे. त्याच महिन्यात १०१ वस्तूंची पहिली देशीकरण यादीही जाहीर झाली. त्यानंतर अशा अनेक याद्या आल्या आणि त्यांतील वस्तूंची आयात ठरावीक मुदतीनंतर बंद होते.

परंतु यादीत वस्तू दिसली म्हणून लगेच इच्छापत्र पाठवू नये. आधी चार गोष्टींची चौकशी करावी : वर्षाला मागणी किती नगांची, ड्रॉइंग उपलब्ध आहे की नमुन्यावरून मापे घ्यावी लागणार, चाचणी कोठे होणार, आणि यापूर्वी कोणी प्रयत्न करून सोडून दिला आहे काय. वर्षाला बारा नग लागणाऱ्या वस्तूसाठी दोन लाखांचा पॅटर्न (साचा पाडण्याची प्रतिकृती) आणि गेज (माप तपासण्याचे साधन) बनवणे बहुधा परवडत नाही. मात्र त्याच बारा नगांमुळे त्या कंपनीच्या मंजूर पुरवठादारांत आपले नाव जाणार असेल, आणि त्याच गटातील आणखी आठ वस्तू पुढे दिसत असतील, तर तो खर्च करावा. हा निर्णय मालकाने स्वतः, हिशेब मांडून घ्यायचा असतो. तो विक्री प्रतिनिधीवर सोपवू नये.

पाचवा टप्पा : माणसांना भेटणे

कारखान्याची माहिती ईमेलने पाठवून उत्तराची वाट पाहणे या क्षेत्रात निष्फळ ठरते. आधी वेळ घेऊन भेटावे, आणि भेटताना सोबत तपासणी विभागाच्या प्रमुखाला न्यावे. खरेदी अधिकारी दराबद्दल विचारतो, पण पुरवठादार स्वीकारायचा की नाही हे बऱ्याचदा गुणवत्ता आणि देशीकरण विभागातील अभियंते ठरवतात; त्यांच्या प्रश्नांना श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी), ब्लोहोल (वायूमुळे पडणारे छिद्र) आणि उष्मोपचाराच्या भाषेत उत्तर देणारा माणूस समोर असला की बैठकीचा नूर बदलतो. आपण बनवलेला एखादा अवघड नग, त्याच्या संपूर्ण तपासणी अहवालासह, टेबलावर ठेवावा.

बेंगळुरूच्या एरो इंडियासारख्या प्रदर्शनात पहिल्याच वर्षी महागडा गाळा घेण्याऐवजी अभ्यागत म्हणून जावे आणि आपल्या वस्तुगटाशी संबंधित मोजक्याच कंपन्यांच्या गाळ्यांवर वेळ द्यावा. ‘स्मॅक’ आणि ‘गोशिमा’ या शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या संघटना, कोल्हापूर इंजिनीअरिंग असोसिएशन आणि भारतीय फाउंड्रीमेन संस्थेची कोल्हापूर शाखा यांच्यामार्फत खरेदीदारांच्या पथकाला कोल्हापुरात बोलावणे हा त्याहून चांगला मार्ग आहे, कारण एका फेरीत पॅटर्न, ओतकाम, मशिनिंग आणि उष्मोपचार हे सर्व काही किलोमीटरांच्या परिघात उपलब्ध आहे हे त्यांना प्रत्यक्ष दिसते. इतक्या जवळजवळ असलेली ही सोय फार थोड्या शहरांत आहे, आणि ती दाखवण्यात आपण कमी पडतो याची मला खंत वाटते.

ऑर्डर मिळवून देतो असे सांगून टक्केवारी मागणारी माणसे भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवावे. संरक्षण करारांत गैरमार्गाने प्रभाव टाकण्याविरुद्ध आणि मध्यस्थांच्या दलालीविरुद्ध स्पष्ट कलमे असतात. ती मोडल्यास करार रद्द होतो आणि कारखान्यावर व्यवहारबंदी येऊ शकते.

सहावा टप्पा : निविदा वाचणे आणि दर देणे

निविदेतील पहिले पान आणि दराचा तक्ता एवढेच वाचून दर देणाऱ्यांचे मोठे नुकसान होते. खरी किंमत मागच्या पानांत दडलेली असते. सर्वप्रथम गुणवत्ता हमी आराखडा, ज्याला सगळे क्यूएपी म्हणतात, तो ओळीओळीने वाचावा. कोणत्या टप्प्यावर डीजीक्यूएचा (संरक्षण मंत्रालयाच्या गुणवत्ता हमी संचालनालयाचा) किंवा खरेदीदाराचा निरीक्षक समक्ष हजर लागणार, एक्स-रे तपासणी किती नगांची, ताणचाचणीचे तुकडे नगासोबतच ओतायचे की वेगळे, चाचणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच हवी का, गंजरोधक लेप आणि वेष्टन कोणत्या मानकानुसार, या प्रत्येकाला खर्च आहे. ड्रॉइंगची अधिकृत प्रत ज्या संस्थेकडे असते तिला एएचएसपी म्हणतात. आपल्याला मिळालेली आवृत्ती तिच्याकडील चालू आवृत्तीशी जुळते का, हे लेखी विचारावे. शंका निविदापूर्व बैठकीत किंवा ठरलेल्या मुदतीतच विचाराव्यात, कारण ऑर्डर हाती आल्यानंतर उपस्थित केलेल्या शंकेचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो.

दोन पाकिटांच्या पद्धतीत तांत्रिक पाकीट आधी उघडते आणि त्यात पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात. तांत्रिक पाकिटात प्रत्येक कलमापुढे आपण ते कसे पूर्ण करणार हे लिहावे. नुसते ‘मान्य’ लिहून भागत नाही. देशी घटकांचे प्रमाण ५० टक्के किंवा अधिक असल्यास पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार म्हणून प्राधान्य मिळते. ते प्रमाण स्वयंघोषित करता येते, पण १० कोटींवरील खरेदीत लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र लागते.

विलंबाची आकारणी तर दराइतकीच महत्त्वाची आहे. अनेक ऑर्डरींत ती आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के असते. समजा ४० लाखांची ऑर्डर आहे आणि नमुना मंजुरीत दहा आठवडे गेले; त्यांची मुदतवाढ घेतली नसेल तर दोन लाख रुपये कापले जातात, आणि पाच टक्के नफा धरलेला असेल तर तो सगळाच जातो. म्हणून मुदत नमुना मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजली जाईल, असे निविदेत नसल्यास विचारून घ्यावे.

सातवा टप्पा : पहिला नमुना

येथे घाई करू नये, कारण या एका नमुन्यावर पुढच्या अनेक वर्षांचा व्यवहार ठरतो. मोटार उद्योगासाठी काम केलेल्या कारखान्यांना नमुना मंजुरीची सवय असते, तरी तेथील आणि येथील अपेक्षांत फरक आहे. मोटारीचा भाग लाखोंच्या संख्येत बनतो आणि संख्याशास्त्रीय नियंत्रणावर भर असतो; संरक्षणाचा भाग शेकड्यांत बनतो आणि प्रत्येक नगाचा इतिहास मागितला जातो. त्यामुळे हीट नंबर ओतीव अक्षरांत नगावर असावा, मशिनिंगमध्ये तो पुसला जात असेल तर निरीक्षकासमक्ष पुन्हा उमटवावा, आणि कच्च्या मालाचे प्रमाणपत्र, भट्टीचा रासायनिक अहवाल, उष्मोपचाराचा आलेख, अविघातक (नग न मोडता केलेली) चाचणी आणि मापांचा अहवाल या सर्वांवर तोच नंबर असावा. मोजमापाच्या उपकरणांची कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली असेल तर निरीक्षक बाकी काही न पाहता परत जाऊ शकतो.

नमुना पाठवण्यापूर्वी एक नग कापून पाहावा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या कास्टिंगच्या जाड भागात श्रिंकेज असेल तर ते आपल्याला आधी कळलेले बरे. रायझर (आकसणाऱ्या धातूला पुरवठा करणारा भाग) आणि चिल (धातू लवकर थंड करणारा तुकडा) यांत केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदवावा, आणि नमुना मंजूर झाला की ती पद्धत गोठवावी. नंतर वाळू बदलली, उष्मोपचाराचा जॉबवर्कवाला बदलला, तरी खरेदीदाराला कळवणे बंधनकारक असते. उष्मोपचार आणि प्लेटिंग बाहेर करून घेणाऱ्यांनी त्या कारखान्याची मंजुरीही आधीच घ्यावी.

ड्रॉइंगच्या गोपनीयतेबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. करारात गोपनीयतेचे कलम असते आणि संवेदनशील कागदपत्रांना १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होऊ शकतो. पॅटर्नवाल्याला किंवा जॉबवर्कवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंगचा फोटो पाठवण्याची आपल्याकडची रूढ पद्धत येथे पूर्ण बंद करावी लागते. क्रमांकित प्रत द्यावी, वहीत सही घ्यावी आणि काम झाल्यावर प्रत परत घ्यावी.

आठवा टप्पा : पैशाचे नियोजन

पहिल्या चौकशीपासून पहिल्या पैशापर्यंत दीड-दोन वर्षे जाणे असामान्य नाही. तेवढा काळ तपासणीतील मनुष्यबळ, पॅटर्न, गेज आणि नमुने यांचा खर्च चालू धंद्यातूनच भागवावा लागतो, म्हणून मोटारी आणि पंपांची कामे सोडून या क्षेत्रात उडी घेऊ नये. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. व्यवहारात मात्र स्वीकृतीलाच वेळ लागतो. त्यामुळे बिलासोबत तपासणी दाखला, पोच आणि चलन यांचा संच त्याच दिवशी पूर्ण करून द्यावा. ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवण्याची सोय बहुतेक मोठ्या खरेदीदारांकडे असते. नोंदणी ऑर्डरपूर्वीच करून ठेवावी.

नववा टप्पा : पहिल्या ऑर्डरनंतर

पहिली खेप वेळेत आणि एकाही रिजेक्शनशिवाय गेली की त्याच विभागाकडे त्याच गटातील पुढील वस्तूंची मागणी करावी. हरलेल्या निविदांचेही दर उघड झालेले असतात. ते एका तक्त्यात नोंदवत गेल्यास दोन वर्षांत आपल्या वस्तुगटाचा बाजारभाव आणि कोणता प्रतिस्पर्धी कोठे दर पाडतो हे स्पष्ट दिसू लागते. परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर निर्यातीपूर्वी आपला भाग ‘स्कोमेट’ या निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीत येतो का, हे पाहणे आवश्यक आहे.

दिलेल्या ड्रॉइंगनुसार माल बनवण्यात तीन-चार वर्षे काढल्यावर स्वतःच्या रचनेकडे वळता येते. संरक्षणातील नवकल्पनांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स योजनेत मूळ अनुदान दीड कोटींपर्यंत आहे, तर डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून एका प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत मदत मिळू शकते. अशा प्रकल्पासाठी गोकुळ शिरगावच्या केआयटीसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांना आरंभापासून सोबत घ्यावे, आणि अर्ज करण्यापूर्वी आपला स्वतःचा हिस्सा किती, चाचणीचा खर्च कोणाचा आणि यशस्वी नमुन्यानंतर किती नगांची खरेदी अपेक्षित आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे संबंधित विभागाकडून मिळवावीत.